व्हिएन्नाच्या भिंतीवरचे दोन गज

फरवानिया, कुवेत
शुक्रवार, सकाळचे साडेदहा

ती. सौ. रसिकाताईस,

धाकट्या संग्रामचा नमस्कार, आणि या वेळी तो नेहमीपेक्षा जास्त वाकून केला आहे असं समज. तुझी कंबर कशी आहे? शाळेत उभं राहून शिकवू नकोस, खुर्ची घे. दाजींचा खोकला गेला का? आईचा गुडघा, बाबांचं बीपी, दोन्ही आपापल्या जागी असतील. मी इथे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून झालं की ते वाक्य तूच खोडून टाक. आणि हे पत्र आईबाबांना दाखवू नकोस. मोबाइल असताना कागद कशाला, असं तुला वाटेल. मोबाइलवर लिहिलं असतं तर पाठवून दोन मिनिटांत पुसून टाकलं असतं. माझा माझ्यावर तेवढा भरवसा राहिलेला नाही. माझा रूम पार्टनर तौफीक (संगमेश्वरचा, सरळ माणूस, घोरतो) आज दुपारच्या विमानाने मुंबईला आणि तिथून गावी निघाला आहे. तो देवरुखला येऊन हे तुझ्या हातात देईल.

ताई, माझं सगळं ज्या क्षणी बदललं तो क्षण मला घड्याळासकट सांगता येतो. मराठी मंडळाची कोजागिरी, मंगफमधला हॉल, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं, हातात मसाला दुधाचा कागदी पेला आणि माझ्या तोंडून बाहेर पडलेला एक शब्द: 'सप्टेंबरात'. त्याच्याआधी मी कॉलेज अर्धवट सोडलेला, पडद्याचं कापड मोजणारा एक मुलगा होतो. त्याच्यानंतर मी व्हिएन्ना बघून आलेला माणूस झालो. आणि व्हिएन्ना सोड, मी या देशात उतरल्यापासून याच्या बाहेर पाऊलही टाकलेलं नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी पडद्यांपासून सुरुवात करावी लागेल. मुस्तफाचाचांचं दुकान तू पाहिलेलं नाहीस. (बाबा श्रीवर्धनच्या डेपोत असताना ज्यांच्या घरून आंबोळ्या यायच्या ते हेच मुस्तफाचाचा. कॉलेज सोडून मी घरात उशीत तोंड खुपसून पडलो होतो तेव्हा बाबांनी यांनाच फोन केला होता.) दुकान कुवेती मालकाचं, पण एकतीस वर्षं ते चाचाच चालवतात. दारापासून छतापर्यंत कापडाचे तागे, आणि काउंटरवर साखळीला बांधलेला लोखंडी मीटरचा गज. लाकडी पट्टी झिजते, टेप ताणली जाते, म्हणून चाचांना गजच लागतो. एकदा मी एका मुलीला सहा मीटर कापड मोजताना प्रत्येक मीटरला चार-चार बोटं जास्त सोडली. चाचांनी ती जाईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, कमी मापलं तर गिऱ्हाइकाची चोरी, जास्त मापलं तर मालकाची. गजाला तुझं लगीन करायचंय हे कळत नाय.

तर ती मुलगी कौमुदी. सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांच्या आतलं बघते, त्यामुळे वरच्या कपड्यांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही, हे मला फार उशिरा कळलं (मी तीन नवे शर्ट घेऊन झाल्यावर). बिल करताना तिच्या मोबाइलवर एका दगडी गल्लीचं चित्र दिसलं. मी विचारलं कुठलं. ती म्हणाली, व्हिएन्ना. मोठमोठे राजवाडे नाही, कुणाच्या लक्षात येत नाहीत अशा जुन्या बारक्या गोष्टी तिला बघायच्या आहेत. झालं. आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. इतर लोक झोपतात. मी ताग्यांवर आडवा पडून मोबाइलच्या नकाशात रस्त्याचे फोटो उघडायचो आणि बोटाने व्हिएन्ना चालायला लागायचो. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आत मी कुणा राजाच्या गल्लीत. ताई, दोन महिन्यांत मला ते शहर असं पाठ झालं की आपल्या देवरुखचा बाजारही मला तितका ठाऊक नाही. एका कोपऱ्यावर झाडाचं खोड आहे, त्यात जुन्या काळच्या लोकांनी इतके खिळे ठोकलेत की लाकूड दिसत नाही. आता ते काचेआड ठेवलंय. एका घराच्या भिंतीवर जुनं चित्र आहे, त्यात गाय आणि लांडगा समोरासमोर बसून सोंगट्यांचा डाव खेळतात. गाईला चष्मा आहे. (का, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. मला वाटतं तिला लांडग्याचा डाव नीट बघायचा असेल.) आणि तिथल्या मोठ्या चर्चच्या दाराच्या डाव्या हाताला, दगडात बसवलेले दोन लोखंडी गज आहेत. एक लिननच्या कापडाचं माप, दुसरं लोकरीच्या. बाजारात कापड घेतलेलं गिऱ्हाईक तिथे येऊन आपलं कापड लावून बघू शकायचं, की दुकानदाराने मारलं तर नाही. हे वाचलं तेव्हा मी उठून काउंटरवरच्या आमच्या गजाला हात लावून आलो.

आता कोजागिरी. मंडळात हरीश नावाचा एक इंजिनियर आहे. उंच, इस्त्रीचा, त्याच्या गाडीत कधी कचरा नसतो. त्याने युरोपच्या सहलीचे फोटो पडद्यावर दाखवले, बारा दिवसांत सात देश, प्रत्येक फोटोत मागे बस. दाखवता दाखवता तो हसून म्हणाला, इथल्या इथे फरवानिया ते फहाहील एवढाच प्रवास केलेल्यांना याची कल्पना यायची नाही. आणि माझ्याकडे बघितलं. (तौफीक म्हणतो तो घड्याळाकडे बघत होता आणि घड्याळ माझ्या डोक्यावर होतं.) माझं डोकं तुला माहीत आहे. ज्या डोक्याने मी तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांच्या टेबलावर फाइल आपटून कॉलेज सोडलं, तेच डोकं. मी उभा राहिलो आणि विचारलं, त्या चर्चच्या दाराशी तुम्ही फोटो काढलाय, पण तुमच्या खांद्यामागे दोन गज आहेत ते पाहिलेत का? मग ते गज, तो खिळ्यांचा ओंडका, ती चष्मेवाली गाय, सगळं एका दमात सांगितलं. हरीश स्वतःच्याच फोटोत गज शोधायला लागला, आणि ते होते. पहिल्या रांगेतून कौमुदीने वळून बघितलं आणि विचारलं, तू कधी गेला होतास?

ताई, या प्रश्नाला 'गेलो नाही' हे उत्तर होतं. दोनच शब्द होते. पण तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, 'सप्टेंबरात.'

त्यानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही. मंडळाने डिसेंबरात माझं भाषण ठेवलं, 'व्हिएन्नाच्या पोटातली गुपितं'. हे नाव हरीशने दिलं. भाषणाचा पडदाही त्यानेच लावला आणि पहिल्या रांगेत वही घेऊन बसला. एवढ्या दिवसांत मी त्याच्यावर दात खाऊन होतो आणि तो माझं बोलणं उतरवून घेत होता. मनातून मी तिथेच थोडा खचलो. पण भाषण झालं, आणि चांगलं झालं. लोक हसले, कुसुमकाकूंनी (कौमुदीची आई) तिथे चहा मिळतो का विचारलं, मी कॉफीवर वेळ मारून नेली. मग कौमुदी उभी राहिली. म्हणाली, त्या गाईच्या गल्लीत वास कसला येतो?

ताई, मला त्या गल्लीतली प्रत्येक खिडकी ठाऊक होती. कुठल्या दाराशी सायकल टेकलेली आहे ते ठाऊक होतं. वास ठाऊक नव्हता. मोबाइलला वास नसतो. नाकात जे होतं ते तोंडातून निघालं. म्हणालो, नव्या कापडाचा. न धुतलेल्या, ताग्यातून आत्ता सोडलेल्या कापडाचा. लोकांना फार काव्यमय वाटलं. कौमुदीने ते वहीत लिहून घेतलं. मी आमच्या दुकानाचा वास उचलून व्हिएन्नाला नेऊन टाकला होता आणि ती तो खाली मान घालून लिहीत होती, हे मला आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आणि खरी लाज तर पुढेच आहे. भाषणाला मुस्तफाचाचा आले होते. कौमुदीच्या वडिलांनी, लक्ष्मीकांतकाकांनी (मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत टेक्निशियन, सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरात), मोठ्या प्रेमाने बोलावलं होतं. तुला इथली पद्धत सांगतो. आमच्यासारख्याला देश सोडायचा तर मालकाकडून परवानगी मोबाइलवर मंजूर व्हावी लागते, आणि आमच्या दुकानात ते काम चाचा करतात. माझा पासपोर्ट कुठे आहे, मी कधी कुठे होतो, हे जगात एकाच माणसाला नेमकं माहीत आहे. सप्टेंबरात शाळा उघडतात, लोक घरं लावतात, पडद्यांची गर्दी असते; महिनाभर मी आणि चाचा खांद्याला खांदा लावून कापड फाडत होतो. आणि इतक्या लोकांत काका चाचांना हसत म्हणाले, 'सप्टेंबरात हा युरोपात, मग तुमचं दुकान कसं चाललं हो?'

चाचांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एक कप उचलून ठेवावा एवढाच. मग म्हणाले, 'चाललं कसंबसं. गिऱ्हाइकं विचारत होती त्याला.'

एकतीस वर्षांत ज्या माणसाने एक बोट कमी-जास्त कापलं नाही, त्याने माझ्यासाठी अख्खा महिना खोटा मापून दिला. मला वाटलं परतताना वाटेत बोलतील. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून चहा पिताना एवढंच विचारलं, 'ते गज भिंतीवर कशाला लावलेले रे?' मी म्हणालो, गिऱ्हाइकाला स्वतः मापून बघता यावं म्हणून. 'बरी सोय,' म्हणाले, आणि ग्लास विसळायला गेले. ताई, त्यांनी मला झापड मारली असती तर मी त्यांना दुपारभर दुवा दिला असता.

पण एवढ्यावर थांबेल तर ते खोटं कसलं. काकांनी ठरवलं, येत्या ईदच्या सुट्टीत तिघांनी व्हिएन्नाला जायचं, माझ्या यादीप्रमाणे. यादी मी दिली. (यादी खरी आहे. तेवढी एक गोष्ट या सगळ्यात खरी आहे.) मग म्हणाले, तूही चल, तुला वाटा माहीत. माझ्या छातीत बँड वाजला आणि लगेच फाटला, कारण पुढचं वाक्य होतं, तुझा आधीचा व्हिसा झालेला आहे, तुझं काम सोपं. त्याची झेरॉक्स आण, आमच्या अर्जालाही नमुना होईल. रविवारी व्हिसा सेंटरला वेळ घेतली आहे. मी म्हणालो, पासपोर्ट दुकानात चाचांकडे असतो. हे मला फार हुशारीचं वाटलं. काका म्हणाले, काही हरकत नाही, शुक्रवारी संध्याकाळी सहाला मीच मुस्तफाभाईंना फोन करतो.

म्हणजे चाचांना दुसऱ्यांदा. आणि या वेळी नुसता महिना नाही, कागद. कागद मागितला तर चाचा काय करतील मला माहीत नाही. ते पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलतील ही भीती आहे, आणि बोलणार नाहीत ही भीती त्याहून लहान आहे, हे कळलं तेव्हा माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मधल्या काळात कौमुदी एकदा दुकानात आली होती. उशीच्या कापडाचा तागा मी सोडला. तिने वाकून वास घेतला. म्हणाली, 'संग्राम, तुझ्या व्हिएन्नाचा वास इथेही येतो की.' आणि माझ्याकडे बघत राहिली, जशी हॉस्पिटलात ती एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून बघत असेल. मी घाईघाईने दीड मीटर कापलं. तिला दोन हवं होतं.

तर ताई, शेवटी परवा, बुधवारी, मी मंगफला काकांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पाचव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली, सोफ्यावर बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं की मी व्हिएन्नाला गेलेलो नाही, मी ताग्यांवर झोपून नकाशा बघितला, आणि मुस्तफाचाचांचा यात काही दोष नाही. काकांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, खरं बोलायला छाती लागते, अशीच मुलं आम्हाला हवी आहेत. काकूंचे डोळे भरून आले, त्यांनी वाटीतून श्रीखंड आणलं. कौमुदी दारात उभी होती. हळूच म्हणाली, मला कधीचं माहीत होतं, मी फक्त तू सांगायची वाट बघत होते. मग आम्ही चौघांनी मिळून नकाशा उघडला. मी बाहेर पडलो तेव्हा समुद्रावरून गार वारा येत होता.

असं आहे. सगळं मार्गी लागलं. तू काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार, कंबरेला शेक दे.

तुझाच,
संग्राम

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. ताई, श्रीखंड नव्हतं. वारा नव्हता. बुधवारी मी मंगफला गेलो हे खरं आहे. लिफ्टपर्यंत गेलो. इमारतीच्या वॉचमनने विचारलं कुणाकडे, तर मी म्हणालो पार्सल होतं, पत्ता चुकला. (माझ्या हातात पार्सल नव्हतं. त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि मान हलवली.) परतीच्या बसमध्ये बसून काका काय म्हणतील, काकू काय आणतील, सगळं रचत आलो, आणि ते इतकं छान जमलं की लिहिताना मलाच खरं वाटलं. माझी खोटं बोलायची पद्धत हीच आहे, आता लक्षात आलं. आधी मी जायची हिंमत करत नाही, मग जाऊन आल्यासारखं फार बारकाईने सांगतो.

आणखी एक ता. क. मग हेही सांगतो. तोंडी परीक्षेला त्या सरांनी माझा अपमान केला म्हणून मी कॉलेज सोडलं, असं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि बाबा चार लोकांत अभिमानाने सांगतात की आमच्या पोराने मान झुकवली नाही. सर एवढंच म्हणाले होते की ही प्रयोगाची मापं शेजारच्या मुलाच्या वहीतली दिसतात. ती शेजारच्या मुलाच्या वहीतलीच होती. लोखंडाच्या सळीची जाडी मोजायची होती, पाच मिनिटांचं काम. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत गेलोच नव्हतो. फाइल आपटली कारण ते बरोबर होते.

तिसरा. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही. वर सुरुवातीला म्हणालो ना, आईबाबांना दाखवू नकोस. ते खोड. आईने समोरच्या भिंतीवर, तुझ्या लग्नाच्या फोटोशेजारी, माझा चर्चसमोर उभा असलेला फोटो लावलाय. तो मी मोबाइलवर चिकटवून पाठवला होता. (नीट बघ, माझी सावली डावीकडे आहे आणि सगळ्या लोकांची उजवीकडे. बाबांना हे एकदाही दिसलं नाही, ते फक्त माझं तोंड बघतात.) तो तू उतरव, आणि दोघांना बसवून हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. श्रीखंडाशी थांबू नकोस. तू शाळेत धडा वाचतेस तसा वाच, गाळू नकोस, आणि आई रडायला लागली तर थांबून पाणी दे आणि मग पुढे वाच. मी फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यातच त्याला छान वळण दिलं असतं. चाचांचं आधी वाच. बाबा त्यांना फोन करतील, तर करू देत.

शेवटचा. साडेअकरा झाले. बूट घातलेत, उभ्याने लिहितोय. मंगफवरून जाणारी फहाहीलची बस बाराला आहे. काका नमाजाच्या सुट्टीनंतर दोनला ड्यूटीवर निघतात, म्हणजे त्याआधी भेटतील. सकाळी चाचांकडे जाऊन आलो. म्हणालो, संध्याकाळी तुम्हाला फोन आला तर खरं तेच सांगा, पण तो यायच्या आत मी पोहोचतो. चाचा इस्त्री करत होते. म्हणाले, 'बसचे सुट्टे पैसे आहेत काय?' एवढंच. काका काय म्हणतील ते मला माहीत नाही आणि या वेळी मी काही रचलेलं नाही. कौमुदी घरी असेल. असली तर पहिली गोष्ट तिला सांगायची आहे की वहीतलं ते वासाचं वाक्य खोडून टाक. तिथे गेल्यावर स्वतः वास घे आणि मग लिही.

पत्र तौफीकच्या बॅगेवर ठेवतोय. तो अंघोळीला गेलाय, नळ चालू असला की त्याला दार वाजवलेलं ऐकू येत नाही. पाकीट चिकटवून टाकतो. या खोलीचं दार ओढलं की आपोआप लागतं आणि माझी किल्ली मी आत खिळ्याला टांगून ठेवली आहे, म्हणजे जिन्यात विचार बदलला तरी परत येऊन हे फाडता येणार नाही. निघालो, ताई. दार ओढून घेतोय.